लांगझाच्या बांधावरून

स्पितीला फोटोग्राफीच्या सहली नेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांनो,



पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींच्या जाहिराती यायला लागल्या आहेत. परवा आलेल्या एका जाहिरातीत आठ रात्रींत अकरा ठिकाणं आहेत: चंद्रताल, की, किब्बर, चिचमचा पूल, हिक्किम, कोमिक, लांगझा, धनकर, पिन खोरं, ताबो आणि नाको. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका सहलीला गेले होते. कोणाची ते सांगत नाही, कारण तक्रार एका आयोजकाबद्दल नाही. तुम्हा बहुतेकांचे कार्यक्रम एकाच साच्यातले आहेत आणि हे पत्र त्या साच्याबद्दल आहे.

लांगझाला आम्ही जुलैतल्या एका दुपारी साडेचारला पोचलो. हे गाव सुमारे 4,400 मीटरवर आहे. मागे चाउ चाउ कांग निल्दाचं शिखर, वर मोठी बुद्धमूर्ती, खाली वाटाण्याची शेतं. वाटाणा फुलावर होता. मार्गदर्शक म्हणाले, ‘चाळीस मिनिटं आहेत. सावली वर चढायच्या आत उरका. फोरग्राउंडला ते शेत घ्या, बाईपण आहे.’ आम्ही बाराजण ट्रायपॉड घेऊन शेताकडे सुटलो.

ती बाई दारं धरत होती. हे माझ्या लक्षात आलं, कारण मी मिरजेजवळच्या मळ्यात वाढले आहे. पाण्याची पाळी रात्री असली की आण्णांबरोबर बॅटरी धरून जायची. एक वाफा भरला की त्याचं दार मातीनं बुजवायचं, पुढच्याचं मोडायचं, आणि तेवढ्यात बांध कुठे फुटत नाही ना ते बघायचं. लांगझात खोऱ्याचा दांडा निराळा होता, बाकी सगळं तेच. आमच्यापैकी कुणाचा तरी ट्रायपॉडचा पाय आणि त्यामागोमाग बूट भिजलेल्या बांधावर पडला. बांध खचला आणि पाणी वाफ्यात जायच्या ऐवजी पायवाटेनं खाली धावायला लागलं. ती पळत आली. गवतासकट मातीची ढेकळं कापून ती भगदाडात लावायला लागली. त्याच वेळी आमच्यातल्या कुणी तरी हाक मारली, ‘दीदी, ज़रा इधर देखो.’ तिनं मान वर केली नाही. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि ढेकळं आणून द्यायला लागले. बांध सावरला तेव्हा तिनं आधी सूर्याकडे बोट दाखवलं, मग समोरच्या एका कड्याकडे. सावली तिथे पोचली की पाणी दुसऱ्या घराचं. मग आमच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मोसमी पाऊस पीर पंजालच्या रांगेत अडतो. पलीकडे स्पितीत शेती होते ती बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर. हे पाणी डोंगराच्या कडेकडेनं खोदलेल्या पाटांतून येतं, त्यांना तिथे कूल म्हणतात, आणि ते घरागणिक वाटून घेतलेलं असतं. वर्षाला पीक एकच. जव घरासाठी, वाटाणा पैशासाठी. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. आमच्या पायाखालून पायवाटेनं वाहून गेलं ते हे पाणी होतं.

आता तुम्ही म्हणाल, सहभागी लोकांना शिस्त हवी, आम्ही सूचना देऊ. सूचना आमच्या सहलीतही दिल्या होत्या. माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्यातले बाराच्या बारा जण भले होते. एक शिक्षिका, दोन डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांना कुणाचं शेत तुडवायचं नव्हतं. पण चाळीस मिनिटांत माणूस कुणाचं नावसुद्धा विचारू शकत नाही. तेवढ्या वेळात समोरची बाई ही बाई राहत नाही, फोरग्राउंड होते. हे तुम्ही आखलेल्या वेळापत्रकामुळे होतं, आणि ते तुमच्या हातात आहे.

हेच वेळापत्रक जिवावरही बेततं. मनाली 2,050 मीटरवर. तिथून दुसऱ्याच रात्री तुम्ही लोकांना 4,300 मीटरवर चंद्रतालच्या तंबूत झोपवता, कारण सकाळचं प्रतिबिंब हवं असतं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दर रात्री 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सल्ला पहाडात जाणाऱ्या प्रत्येकाला दिला जातो. आमच्या बँकेतल्या काकांना संध्याकाळपासून डोकेदुखी, मग उलट्या. रात्री दोन वाजता त्यांना गाडीत घालून त्या दगडाधोंड्यांच्या रस्त्यानं खाली न्यावं लागलं. ते वाचले. सकाळी पाणी आरशासारखं होतं आणि आम्ही उरलेल्या सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढले. तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

ताबोबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते. ताबोचा मठ इसवी सन 996 मधला. आतल्या सभागृहात फोटो काढायला मनाई आहे, म्हणून तुमच्या कार्यक्रमात त्याला वीस मिनिटं होती. बाकीचे चहाला गेले तेव्हा मी आतच बसून राहिले. आधी काहीच दिसेना. मग वरच्या झरोक्यातून उतरणारा उजेड जाणवायला लागला आणि भिंतींवरून एकेक मूर्ती पुढे यायला लागली. माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, भिंतीला धरून चारी बाजूंनी ओळीनं बसवलेल्या, आणि मधे चार दिशांना तोंडं केलेला चार मूर्तींचा वैरोचन. खाली चित्रं. हजार वर्षांचे रंग अजून आहेत, त्याला तो कोरडा, अंधारा गारवा कारण आहे. अर्ध्या तासात मला एका खोलीत उजेड कसा हिंडतो ते कळलं. हिस्टोग्राम, ब्रॅकेटिंग, फिल्टर हे सगळं तुम्ही उत्तम शिकवता, पण ते पुण्यातही शिकता येतं. स्पितीला नेऊन शिकवण्याजोगं जे होतं, ते कॅमेरा बंद होता त्या खोलीत होतं आणि तिथे माझ्याबरोबर तुम्ही नव्हता.

हिवाळ्यात किब्बरला हिमबिबट्यासाठी ज्या सहली निघतात, त्यांना मी गेलेले नाही, म्हणून एवढंच लिहिते. तिथले लोक त्याला शेन म्हणतात. तो आणि त्याचं भक्ष्य असलेलं भरल तिथे टिकून आहेत, त्यात किब्बरच्या गावकऱ्यांचा वाटा आहे. त्यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या कुरणाचा काही भाग गुरांना बंद ठेवला. तुमच्या सहलीतल्या प्रत्येकाला हे लेन्स लावण्याआधी माहीत असायला हवं.

माझी मागणी सरळ आहे. अकरातली सात नावं काढून टाका. मनालीकडून एकदम वर चढू नका. शिमला, किन्नौर, नाको, ताबो असे सावकाश या, शरीराला हवेची सवय होऊ द्या. बाराऐवजी सहाजण न्या. मग एकाच गावात, घरगुती मुक्कामाला, किमान चार रात्री राहा. म्हणजे मुक्कामाचे पैसे त्या गावात पडतील. पहिल्या दिवशी ट्रायपॉड खोलीतच ठेवायला सांगा. लोक विचारतील, ‘चंद्रताल नाही?’ त्यांना समोर बसवून कारण सांगा. त्यांना शिकवण्याचेच पैसे तुम्ही घेता. चार बुकिंग कमी झाली तर होऊ द्या.

गेल्या जुलैत मी एकटीच परत गेले आणि लांगझात चार रात्री राहिले. ज्या घरी उतरले, तिथली बाई त्या शेतातल्या बाईची जाऊच निघाली. दोन दिवस नुसती ये-जा, चहा, वाटाणे सोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे पाणी आलं. मला बघून तिनं काही न बोलता खोरं माझ्या हातात दिलं आणि स्वतः वरच्या दाराशी गेली. फोटो मी अकराच्या पुढे काढला, टळटळीत उन्हात, ज्या वेळी तुम्ही कॅमेरे पिशवीत ठेवायला सांगता. तिचा चेहरा त्यात नाही. मोडलेल्या दारातून कोरड्या वाफ्यात शिरणारं पाणी आहे, त्याच्या पुढच्या टोकाला तरंगणारा कचरा आणि वाटाण्याची दोन पांढरी फुलं आहेत, आणि चिखलानं भरलेले तिचे हात. त्याचे दोन प्रिंट काढून मी काझाला जाणाऱ्या एका ओळखीच्या चालकाबरोबर पाठवले. एक तिच्या घरात लागला आहे, असा निरोप आला.

असा चार रात्रींचा लांगझा तुमच्यापैकी ज्यांच्या जाहिरातीत येईल, त्यांनी मला कळवावं. पैसे मी आगाऊ भरीन आणि आमचे बँकेतले काका विचारत आहेत, त्यांचंही नाव धरा.

आपली,
तुमच्या एका सहलीतली सहप्रवासी