घोघा–हजिरा रो-पॅक्स जहाज: दिवसभर काय काम चालते आणि त्यात तुमच्यासाठी काय आहे?

सागरमाला ही तुमच्या बँक खात्यात पैसे जमा करणारी योजना नाही. तिच्यासाठी लाभार्थ्यांची यादी नसते, अर्जाचा नमुना नसतो आणि कार्डही मिळत नाही. "सागरमालाचे कार्ड काढून देतो" असे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या या कार्यक्रमातून बंदरे, धक्के आणि बोटसेवेची टर्मिनल उभी राहतात. म्हणजे लाभ मिळतो तो सेवा वापरणाऱ्याला, तिथे नोकरी करणाऱ्याला. कधी कधी किनाऱ्यावरच्या माणसाला तोटाही होतो. हे नीट समजण्यासाठी एक जहाज घेऊ: गुजरातमध्ये खंभातच्या आखातात भावनगरजवळचे घोघा आणि सुरतजवळचे हजिरा यांच्यामध्ये चालणारे.

रो-पॅक्स म्हणजे ज्यात वाहने स्वतःच्या चाकांवर चढतात आणि प्रवासीही बसतात असे जहाज. या सेवेचे उद्घाटन 8 नोव्हेंबर 2020 रोजी झाले. (जहाजबांधणी मंत्रालयाचे नाव बदलून बंदरे, जहाजबांधणी आणि जलमार्ग मंत्रालय करण्याची घोषणाही त्याच कार्यक्रमात झाली.) रस्त्याने आखाताला वळसा घालून सुमारे 370 किलोमीटर पडतात, पाण्यावरून सुमारे 90. त्या वेळच्या सरकारी माहितीप्रमाणे 10 ते 12 तासांचा प्रवास सुमारे 4 तासांवर आला. जहाजाला तीन मजले: खालच्या मुख्य मजल्यावर 30 मालट्रक, त्याच्या वर 100 मोटारगाड्या, आणि प्रवासी मजल्यावर 500 माणसे. शिवाय 34 कर्मचारी. सौराष्ट्रातून सुरतेत हिरेकामासाठी आलेली कुटुंबे हा इथला मोठा प्रवासीवर्ग. सुरतेत लिंबायत, डिंडोलीकडे राहणाऱ्या खानदेशी मंडळींपैकी ज्यांचे काम भावनगरकडे असते, त्यांनाही हाच जवळचा रस्ता.

सुटण्याआधीचे काम

लोकांना वाटते जहाजाचे काम समुद्रात सुरू होते. खरे कष्ट धक्क्यावर असतात. जड ट्रक खालच्या मजल्यावर घ्यायचे, दोन्ही बाजूंना वजन सारखे राहील असे लावायचे, उरलेला तोल बॅलास्ट टाक्यांतले पाणी कमी-जास्त करून साधायचा. मग गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चाकांखाली ठोकळे आणि जड वाहनांना साखळदंड. समुद्र खवळलेला असताना एक ट्रक सुटला तर तो शेजारच्या चार गाड्या घेऊन एका बाजूला जातो. म्हणूनच ट्रकमध्ये भरलेला माल कमी सांगणे ही फक्त टोलची चोरी राहत नाही. तोलाचा सगळा हिशेब त्या आकड्यावर असतो.

प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर थांबू देत नाहीत, यावरून रोज वाद होतात. "गाडीतच झोपतो" म्हणणाऱ्या चालकाची अडचण खरी असते, पण नियमामागचे कारण त्याहून मोठे आहे. हा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो, मध्ये भिंती नसतात. त्यावर थोडे पाणी आले तरी ते एका बाजूला धावते आणि जहाज कलंडते. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून एक ब्रिटिश फेरी पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत उलटली. 193 जण गेले. दार लावण्याची जबाबदारी असलेला कर्मचारी त्या वेळी झोपलेला होता, आणि दार लागले की नाही हे दुसऱ्या कोणी पाहिले नाही. तेव्हा दार बंद होऊन तपासणी होईपर्यंत जहाज हलत नसेल, तर खलाशांवर ओरडू नये.

आखाताची अडचण

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो. देशात इतका फरक फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणजे सकाळी ज्या पातळीवर जहाज लागले, तिथून काही तासांत पाणी तीन मजली घराइतके खाली. पक्का धक्का इथे उपयोगाचा नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तराफा आणि त्याला जोडणारा पूल लागतो. प्रवाह जोराचा आणि पाणी गढूळ, त्यामुळे गाळ सतत साचत राहतो.

याच गाळाने आधीची सेवा बंद पाडली. घोघा ते दहेज हा मार्ग सुमारे 30 किलोमीटरचा, त्याहून सोयीचा. ऑक्टोबर 2017 मध्ये प्रवाशांसाठी आणि पुढच्या वर्षी वाहनांसाठी तो सुरू झाला. पण दहेज नर्मदेच्या मुखाशी आहे. तिथे पुरेशी खोली राहीना आणि 2019 मध्ये सेवा थांबली. मग लांबचे पण खोल पाण्याचे हजिरा निवडावे लागले. आमच्या मते या योजनेकडे पाहताना हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. टर्मिनलचा खर्च एकदाच होतो आणि त्याची बातमी येते. गाळ काढण्याचा खर्च दरवर्षी येतो. त्याची बातमी येत नाही, आणि तो थांबला की सेवाच थांबते.

आकडेही जपून वाचावेत. सुरुवातीला वर्षाला 5 लाख प्रवासी, 80 हजार प्रवासी वाहने आणि 30 हजार ट्रक असा अंदाज दिला गेला, दिवसाला तीन फेऱ्या धरून. फेरी म्हणजे जाऊन-येऊन असे मानले तर सहा खेपा होतात. प्रत्येक खेप 4 तासांची, म्हणजे 24 तास नुसत्या प्रवासातच गेले. चढ-उतार, इंधन, तपासणी यांना वेळ कुठला? एका जहाजाने ते होणारे नव्हे. तेव्हा फलकावरची "दिवसाला तीन" ही संख्या पाहून निघू नका. आदल्या दिवशी वेळापत्रक तपासा, पावसाळ्यात तर नक्कीच. भरती, वादळाचा इशारा आणि ठरावीक काळाने होणारी गोदीतली दुरुस्ती, या तिन्हींसाठी खेपा रद्द होतात.

भाडे, सवलत आणि विमा

महाराष्ट्रात महिलांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, तो एसटीच्या बसमध्ये. ती सवलत भाऊचा धक्का–मांडवा रो-रोला लागू होत नाही, घोघा–हजिराला तर नाहीच. रेल्वेचा दिव्यांग सवलत पासही जहाजावर आपोआप चालत नाही. मात्र जहाजात चढता येणे ही सवलत नसून हक्क आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 41 मध्ये सर्व प्रवासी साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. चाकाची खुर्ची असेल तर तिकीट काढतानाच सांगा.

तिकिटावर स्वतःचे खरे नाव द्या, दुसऱ्याच्या तिकिटावर जाऊ नका. अपघात झाला तर शोधकार्य आणि भरपाई दोन्ही त्या यादीवरून चालते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती विमा संरक्षण आहे, वय 18 ते 70. पाण्यावरचा अपघातही त्यात येतो, पण दाव्यासाठी पोलिसांची नोंद लागते. खात्यातून हप्ता कापला गेला आहे का, ते मे-जूनमध्ये पासबुकात पाहून घ्या.

नोकरी हवी असेल तर

जहाजावर खलाशी म्हणून लागण्यासाठी नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेचे प्रशिक्षण, इंडोस क्रमांक आणि सीडीसी म्हणजे खलाशाचे ओळखपुस्तक लागते. जनरल पर्पज रेटिंगचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. संस्थेचे नाव महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत नसेल तर प्रवेश घेऊ नका. भरती करणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल परवाना असतो आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास तिला मनाई आहे. "दोन लाख द्या, जहाजावर चढवतो" हे वाक्य ऐकले की तिथेच थांबा आणि महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करा. सगळ्यांना समुद्रातच जावे लागते असेही नाही. तिकीटघर, वाहनांची रांग, स्वच्छता, खानपान ही कामे बहुतेक कंत्राटदारामार्फत होतात. तिथे पहिल्या महिन्यातच पगारपावती आणि पीएफचा यूएएन मागून घ्या.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी नव्या टर्मिनलचा अर्थ जहाजाचा मार्ग आणि त्यात जाळे टाकायला बंदी असा होतो. मोठ्या बंदर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. जाळ्याची ठिकाणे आणि हंगाम तिथे लेखी नोंदवून पोच घ्या, कारण नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे आला की कागद त्या नोंदीचाच विचारला जातो.