पाळीच्या सायकलींना वाट हवी

सायकल ही आता हौसेची वस्तू झाली, असे आपल्या समाजातील बहुतेक घरांना वाटते. मुलाला शाळेपुरती सायकल, कॉलेजला स्कूटर, नोकरी लागली की मोटार, हा क्रम आपण जणू ठरवूनच टाकला आहे. त्यामुळे शहरात सायकलींसाठी काही करावे असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नदीकाठचा रंगवलेला ट्रॅक आणि रविवारची सकाळ. अशा ट्रॅकला आमचा विरोध नाही. पण सिल्वासात पोटासाठी सायकल चालवणारा माणूस रविवारी नदीकाठी नसतो. तो रोज पाळीच्या वेळी पिपरिया, आमली, मसाट, रखोलीच्या रस्त्यांवर असतो, एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला गटार सांभाळत. या शहरात सायकलचे पुढे काय होणार, हा प्रश्न मुळात त्याचा आहे.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले तेव्हा हे शहर नव्हते, मोठे गाव होते. आपल्यापैकी जी कुटुंबे तेव्हापासून किंवा त्याआधीपासून येथे आहेत, त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. चालणे, बैलगाडी आणि सायकल यांवरच सगळा व्यवहार होता. पुढे करसवलती मिळाल्या, कारखाने आले, आणि कारखान्यांमागून उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसापासून माणसे आली. 2001 च्या जनगणनेत सिल्वासा शहराची लोकसंख्या 21,893 होती, 2011 मध्ये ती 98,265 झाली. हद्द वाढली हे त्याचे एक कारण खरे, पण माणसे आली ती यंत्रे चालवायला. चाळीत खोली, कारखान्यापर्यंत तीन-चार किलोमीटर, आणि पगार असा की रोजचे रिक्षाभाडे परवडत नाही. त्याच रस्त्याने आपले वारली, कोकणा, धोडिया बांधवही आसपासच्या गावांतून कामावर येतात. या सर्वांनी सायकल निवडली ती पर्यावरणावरच्या प्रेमापोटी नव्हे!

देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. 2001 मध्ये भारतातील 43.7 टक्के घरांत सायकल होती, 2011 मध्ये 44.8 टक्के. याच दहा वर्षांत दुचाकी असलेली घरे 11.7 वरून 21 टक्क्यांवर गेली. म्हणजे गाड्या भराभर वाढल्या तरी सायकल घराबाहेर गेली नव्हती. रस्त्यातून मात्र तिला बाहेर काढले गेले. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 4,800 हून अधिक सायकलस्वार मृत्युमुखी पडले. त्यांच्या बातम्या आपण वाचतो त्या आतल्या पानावर, चार ओळींत.

धोरण नाही असे म्हणावे तर तेही आहे. रस्ता माणसांना नेण्यासाठी आहे, केवळ वाहनांना नव्हे, असे केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच सांगितले. 2018 मध्ये सिल्वासा स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले. ती योजना 31 मार्च 2025 रोजी संपली. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण सायकल स्वस्त झाली म्हणून ती चालवायला जागा मिळत नाही.

जागेच्या बाबतीत पुण्याचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकल ट्रॅक झाले. कुठे मध्येच विजेचा खांब, कुठे टपरी, कुठे उभ्या गाड्या, आणि चौक आला की ट्रॅकच गायब. 2017 च्या अखेरीस भाड्याच्या रंगीत सायकली मोठ्या गाजावाजात आल्या, आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकलस्वाराला ट्रॅक तुकड्यांत देऊन भागत नाही. घरापासून कामापर्यंतच्या वाटेत एक जरी चौक जिवावर बेतणारा असला, तरी सारी वाटच धोक्याची ठरते.

हॉलंडची उदाहरणे देऊन आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होतेच. 1971 मध्ये त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलन झाले, त्यानंतर रस्ते बदलले. उन्हापावसाचे म्हणाल तर आपला पाऊस नक्कीच जास्त, वर्षाला दोन मीटरहून अधिक. पण आपला कामगार त्या पावसातही आज सायकलनेच जातो आहे.

आता जरा अवघड बोलू. वेगळी वाट द्यायची तर एका बाजूला निदान दोन मीटर रुंदी लागते. ती आकाशातून पडणार नाही. जुन्या बाजाराकडच्या आणि मुख्य रस्त्यांवरच्या कित्येक दुकानांचे आणि घरांचे दर्शनी भाग आपल्याच कुटुंबांचे आहेत. दारासमोर आपली गाडी उभी करणे हा आपण हक्क समजत आलो. तो हक्क नाही, रस्ता सार्वजनिक आहे. नगर परिषदेने उद्या तेथे सायकलसाठी पट्टा आखला, तर धंदा बुडेल अशी पहिली ओरड आपल्यातूनच उठेल, हे आम्हांला ठाऊक आहे. चारचाकीतून उतरणारे गिऱ्हाईक मोठे असेल, पण ते एकटे असते, आणि त्याची गाडी आठ-दहा सायकलींची जागा अडवून बसते. संध्याकाळी पाळी सुटल्यावर भाजी, तेल, मोबाईलचे रिचार्ज घेणारा कामगार हेही आपलेच गिऱ्हाईक आहे.

प्रशासनाकडे आमचे मागणे नदीकाठासाठी नाही. सामरवरणी, मसाट, रखोली हा रस्ता, पिपरिया-आमलीचा पट्टा आणि नरोलीकडे जाताना लागणारा दमणगंगेवरील पूल, येथे आधी काम व्हावे. नुसता रंगाचा पट्टा नको, ट्रक चढणार नाही असा उंच कठडा हवा, सावलीला झाडे हवीत, आणि वाट चौकातूनही पुढे जायला हवी. काम होईपर्यंत निदान पाळी बदलण्याच्या तासाभरात या रस्त्यांवर अवजड वाहने थांबवता येतील. त्याला निधी लागत नाही, एक आदेश आणि तो पाळून घेणारे चार पोलीस लागतात. कारखानदारांनी फाटकाच्या आत सायकलींसाठी छप्पर घालावे. मोटारींना तशी जागा बहुतेक ठिकाणी आहेच.

मंडळाच्या पुढील सभेत हा विषय घेण्याचे ठरले आहे. मुख्य रस्त्यावर ज्यांची दुकाने आहेत अशा सभासदांनी आवर्जून यावे, विरोध असेल तर तो तेथे मांडावा. निवेदन नगर परिषदेकडे जाईल ते त्यानंतरच, आणि त्यावर पहिल्या सह्या दुकानदारांच्या असाव्यात अशी आमची इच्छा आहे.