यादीतली गुळपोळी

संक्रांत आली की आमच्या ऑफिसात अंगतपंगतीची यादी फिरते. बायकांच्या नावापुढे गुळपोळी, मसालेभात, भरली वांगी. पुरुषांच्या नावापुढे? वेफर्स, कागदी प्लेटा आणि पाण्याचा जार!

गेल्या वर्षी मी आदल्या रात्री तीळ भाजून कुटले, बेसन परतलं, गूळ किसून मळला आणि पहाटे चारला उठून चाळीस पोळ्या लाटल्या. वर घरच्यांचे डबे होतेच. पंगतीत साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हा बायकांना काय, सवयच असते!" सवय असते हो. पण मस्टरवर सही तर दोघांनाही दहाच्या आतच करावी लागते ना?

करायला मला आवडतं, बरं का. कुणी "अजून एक वाढा" म्हटलं की शीण जातोही. पण गृहीत धरलं की गूळसुद्धा कडू लागतो. आमच्या शिपाईदादांनी मात्र स्वतः कुटलेला खर्डा आणला होता. सगळ्यात आधी तोच संपला!

यंदा यादी माझ्या हातात आहे. माझ्या नावापुढे भडंग लिहिलंय, गुळपोळीपुढे साहेबांचं नाव. विचारलं तर कृती सांगेन: गूळ नीट मळा साहेब, गुठळी राहिली की पोळी तव्यावर फुटते.