गाणं चोरू नका, आणि कंपन्यांनो, ते विकत मिळू द्या!

फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. गाणी 6 रुपयांपासून मिळत. पैसे भरले की एमपी3 फाइल ग्राहकाची झाली. तिला कुलूप नव्हतं, ती मोबाइलवर घ्यावी नाहीतर पेनड्राइव्हवर. जून 2013 मध्ये हे दुकान बंद पडलं. कंपनीने सांगितलेल्या अडचणींपैकी दोन ठळक होत्या: पायरसी, आणि इतकी छोटी रक्कम ऑनलाइन भरण्याची सोपी सोय नसणं.

दुसरी अडचण आता संपली आहे. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि आज कोथिंबिरीची जुडीसुद्धा क्यूआर कोडवर विकली जाते. मग गाणं का नाही?

‘लोकांना गाणी फुकटच हवीत’ हे उत्तर खोटं आहे. फ्लाइटच्याच काळात गावोगावच्या मोबाइल दुकानांत चोरीच्या गाण्यांनी मेमरी कार्ड भरून घ्यायला गिऱ्हाइकं थांबलेली असत, आणि ती रोख पैसे मोजत. पैसे लोकांनी दिलेच होते. ते दुकानदाराकडे राहिले. गीतकार, संगीतकार, गायक, ढोलकीवाला यांच्या हाती दमडीही लागली नाही. चोरीच्या गाण्यांतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

कायद्याचा बडगा उगारून पाहिला गेला. मार्च 2012 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने इंटरनेट कंपन्यांना फुकट गाण्यांच्या 104 वेबसाइट अडवायला सांगितलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही फुकट गाण्यांचे अड्डे नवनवी नावं घेऊन उभे राहत गेले. अमेरिकेत सप्टेंबर 2003 मध्ये संगीत कंपन्यांनी इंटरनेटवर गाणी फुकट वाटणाऱ्या 261 जणांवर खटले भरले. त्यांत बारा वर्षांची एक मुलगीही होती. त्यातून नाचक्की झाली ती कंपन्यांचीच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडून 99 सेंटला गाणं विकायला ठेवलं, तर पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. नॅप्स्टर या फाइलवाटप सेवेवर फुकट गाण्यांची चटक लागलेल्या देशातली ही गोष्ट.

स्ट्रीमिंग आहे की, असं कुणी म्हणेल. पण तिथलं ‘डाउनलोड’ त्या ॲपच्या बाहेर वाजत नाही. 2024 मध्ये एअरटेलने विंक म्युझिक ही आपली स्ट्रीमिंग सेवा बंद करायचं ठरवलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं. फ्लाइटवर घेतलेली फाइल मात्र दुकान गेल्यावरही वाजते.

विकलेल्या गाण्याचा पैसा निर्मात्यांपर्यंत पोचायला कायद्याचा आधारही आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत बरोबरीचा वाटा दिला; तो करारात लिहून घेऊनही काढता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला होता. चोरीच्या प्रतीवर या हक्काची किंमत शून्य.

म्हणून ज्या कंपन्यांकडे मराठी गाण्यांचे हक्क आहेत, त्यांनी प्रत्येक गाणं बिनकुलपाच्या फाइलमध्ये, यूपीआयवर, परवडेल अशा दरात विकायला ठेवावं. सोबत गीतकार आणि संगीतकाराचं नाव छापावं, आणि त्यांच्या वाट्याचा हिशेब त्यांना नियमित द्यावा. ऐकणाऱ्यांनी टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर गाण्यांच्या फायली पुढे ढकलणं आजपासून थांबवावं. कंपन्यांनी दुकान उघडण्याची वाट त्यासाठी पाहू नये.