हेपाची उलटी गंमत
दिवाळीच्या तोंडावर शहरांतल्या दुकानांत एअर प्युरिफायर रचले जातात आणि विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘हेपाची भोकं इतकी बारीक, की धूळ अडकणारच!’ मंडळी, हेपा हा प्युरिफायरमधला फिल्टर म्हणजे चाळणी नव्हेच. काचतंतूंच्या त्या गुंत्यात मोठे कण तंतूंवर आपटतात. अगदी चिमुकले कण हवेच्या रेणूंचे धक्के खात, झिंगल्यासारखे भरकटत चिकटतात. त्यातल्या त्यात निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. म्हणून अमेरिकी निकषात परीक्षा त्यांच्यावरच, आणि ९९.९७ टक्के अडलेच पाहिजेत. १९४०च्या दशकात अणुबॉम्ब प्रकल्पातली किरणोत्सारी धूळ रोखायला घडवलेलं हे तंत्र आज शस्त्रक्रियागृहांत, चिपच्या कारखान्यांत, विमानांत आहे. प्युरिफायरच्या खोक्यावर नुसतं ‘हेपा-टाइप’ दिसलं, तर त्या निकषाची हमी नाही; ते खुशाल फळीवर परत ठेवावं. वासासाठी मात्र हेपा कुचकामीच. तिथे सक्रिय कोळशाचा थर लागतो.