‘खर्च झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

घर चालवणाऱ्या बाईला हिशेब शिकवायला कुणी जात नाही. दूध, वाणसामान, गॅस, शाळेची फी, औषधं असं सारं तिच्या वहीत ओळीनं मांडलेलं असतं. महिनाअखेरीला त्याच वहीत ‘इतर’ म्हणून तीन हजार रुपये दिसले, तर घरातलं शेंबडं पोरही विचारतं, ‘हे इतर म्हणजे काय गं?’ सरकारच्या वहीत मात्र ‘इतर’ या एका शब्दामागे कोट्यवधी रुपये जातात आणि आपण गप्प बसतो. का? तर म्हणे, बजेट आपल्याला कळत नाही! मंडळी, कळत नाही असं काही नसतं. कळू नये अशा पद्धतीनं ते मांडलेलं असतं, एवढंच!

उदाहरणाला देवनहळ्ळी घेऊ. बंगळूरच्या उत्तरेचं हे गाव टिपू सुलतानाचं जन्मगाव म्हणून इतिहासात आणि चकोतऱ्यासाठी बाजारात प्रसिद्ध. मे २००८ मध्ये इथं बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि गावाचं रूपच पालटलं. जमिनीला सोन्याचा भाव आला. नोकरीच्या निमित्तानं बंगळूरला गेलेली मराठी कुटुंबंही आता या बाजूला घरं शोधू लागली आहेत. अशा गावातल्या माणसाला साधा प्रश्न पडतो. सरकारनं माझ्या तालुक्यातल्या शाळेवर, दवाखान्यावर, पाण्यावर या वर्षी किती पैसे घातले?

७ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कर्नाटकाचं बजेट मांडलं. त्यांचं हे सोळावं बजेट. आकडा होता ४ लाख ९ हजार ५४९ कोटी रुपयांचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय स्वस्त, काय महाग याच्या चौकटी आल्या. पण या चार लाख कोटींत देवनहळ्ळी कुठं आहे? शोधू गेलं, तर गाव सापडत नाही. सापडतात आकडेच आकडे!

तसं पाहिलं तर प्रजेला हिशेब सांगायची रीत या भागाला नवी नाही. ऑक्टोबर १८८१ मध्ये म्हैसूर संस्थानचे दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. तालुक्या-तालुक्यातून शेतकरी आणि व्यापारी म्हैसूरला आले. दिवाणसाहेबांनी त्यांच्यापुढं संस्थानाची जमा, खर्च आणि झालेली कामं वाचून दाखवली. सभेला मतदानाचा अधिकार नव्हता. पण ‘तुमच्या पैशाचं आम्ही हे केलं’ असं राज्यकर्त्यानं प्रजेला तोंडी सांगणं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आज हिशेब सांगण्याची सक्ती घटनेनंच केली आहे. कलम २०२ प्रमाणे दरवर्षी विधिमंडळापुढं जमाखर्चाचं पत्रक ठेवावंच लागतं. कलम १५० प्रमाणे हिशेबाचा नमुनाही साऱ्या राज्यांना एकच आहे. त्यामुळं गंमत अशी होते, की बेळगावच्या सीमाप्रश्नावर मुंबई आणि बंगळूर यांचं जमत नसलं, तरी दोघांच्या हिशेबाच्या वहीत शाळेचा नंबर एकच, २२०२!

हा नंबर म्हणजे ‘प्रधान लेखाशीर्ष’. चार आकड्यांचं. सर्वसाधारण शिक्षणाला २२०२, आरोग्याला २२१०, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेला २२१५. यातला पहिला आकडा ओळखला, की अर्धं बजेट कळलं समजा. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ म्हणजे रोजचा चालू खर्च, ४ किंवा ५ म्हणजे इमारत, पूल, यंत्रं अशी टिकाऊ वस्तू, आणि ६ किंवा ७ म्हणजे कर्जाऊ दिलेले पैसे. म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार २२१० मध्ये, तर दवाखान्याची नवी इमारत ४२१० मध्ये. एखादा मंत्री ‘आरोग्यावरचा खर्च वाढवला’ असं म्हणाला, तर लगेच विचारावं, ‘साहेब, २२१० की ४२१०?’

या चार आकड्यांखाली आणखी पायऱ्या असतात. सारे मिळून सहा थर. वरचे तीन थर देशभर सारखे असतात, खालचे राज्यांच्या सोयीनं ठरतात. शेवटच्या पायरीवर पगार, प्रवासभत्ता, बांधकाम अशी खर्चाची जात कळते. पण एक लक्षात ठेवा, ही सारी शिडी ‘पैसा कशावर गेला’ हे सांगते, ‘कुठं गेला’ हे नव्हे. देवनहळ्ळी बजेटात सापडत नाही त्याचं कारण हेच. कर्नाटकात त्यावर थोडा इलाज आहे. जिल्हा आणि तालुका पंचायतींकडं जाणाऱ्या पैशाचं ‘लिंक डॉक्युमेंट’ नावाचं वेगळं पुस्तक बजेटबरोबर निघतं. त्यात जिल्हावार आकडे मिळतात. पण एखाद्या गावच्या शाळेचं छप्पर त्यात शोधू नका!

बजेटचं पान उघडलं, की चार रकाने दिसतात. २०२५-२६ च्या बजेटात पहिला रकाना २०२३-२४ च्या प्रत्यक्ष खर्चाचा. दुसरा २०२४-२५ च्या मूळ अंदाजाचा, तिसरा त्याच वर्षाच्या सुधारित अंदाजाचा, आणि चौथा नव्या वर्षाच्या अंदाजाचा. भाषणात टाळ्या पडतात त्या चौथ्या रकान्याला. शहाण्या माणसानं पाहावा तो पहिला! त्या पहिल्या रकान्याशेजारी दोन वर्षांपूर्वीच्या बजेटातला अंदाज ठेवून पाहा. शंभर रुपये देऊ म्हणाले आणि साठच दिले, हे तिथं उघडं पडतं. घोषणेची खरी किंमत कळायला दोन वर्षं लागतात. तोवर आपण घोषणाही विसरलेलो असतो.

आता मुख्य मुद्दा. ‘खर्च झाला’ या शब्दांचा सरकारी अर्थ आणि आपला अर्थ वेगळा आहे. आपण म्हणतो खर्च झाला, तेव्हा पिठाचा डबा भरलेला असतो. सरकार म्हणतं खर्च झाला, तेव्हा पैसे ट्रेझरीतून बाहेर पडलेले असतात. शाळेची खोली उभी राहिली का, हा वेगळा प्रश्न! ३१ मार्चला न वापरलेली तरतूद बुडते. म्हणून मार्चमध्ये बिलांची झुंबड उडते. काही खाती पैसे काढून वेगळ्या ठेव खात्यात नेऊन ठेवतात. कागदावर खर्च झालेला असतो, पैसे मात्र जागेवरच असतात. कुठं आगाऊ रक्कम उचलली जाते आणि तपशीलवार बिल वर्षानुवर्षं येत नाही. कुठं अनुदान दिलं जातं, पण ते योग्य कामी लागल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र येत नाही. देशाचे महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, निरनिराळ्या राज्यांच्या अहवालांत याच तक्रारी पुन्हा पुन्हा लिहीत आले आहेत.

आणि ते सुरुवातीचं ‘इतर’? सरकारी वहीत त्यालाही नंबर आहे, ८००. दुसरीकडं कुठंच बसत नाही असा खर्च त्याखाली टाकायचा, असा नियम. पण सोयीचं म्हणून चांगला ओळखता येणारा खर्चही तिथं ढकलला जातो. यानं हिशेबाचा पारदर्शीपणा जातो, असं ‘कॅग’नं वारंवार बजावलं आहे.

काही पैसा तर या वहीत तपशिलानं येतच नाही. देवनहळ्ळीजवळच्या चन्नरायपट्टण होबळीतल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन विमान उद्योगाच्या वसाहतीसाठी घ्यायचं ठरलं होतं. २०२२ पासून शेतकरी धरणं धरून बसले होते. अखेर १५ जुलै २०२५ रोजी सरकारनं ती जमीन घेणार नसल्याचं जाहीर केलं. अशा कामी जमीन घेणारं मंडळ १९६६ च्या कायद्यानं झालेलं. त्याचा निधी वेगळा, हिशेबही वेगळा. आपल्याकडचं एमआयडीसीही अशाच घडणीचं. म्हणजे एखाद्या तालुक्याचं नशीब बदलणारा सर्वांत मोठा व्यवहार बजेटच्या पुस्तकात खर्चाच्या ओळी म्हणून दिसेलच असं नाही! राज्याचा हिशेब वाचताना काय लिहिलंय एवढंच नव्हे, तर काय वगळलंय हेही पाहावं लागतं, ते यासाठी.

मग सामान्य माणसानं करायचं काय? डोक्याला हात लावून बसायचं? मुळीच नाही. वर्ष संपल्यावर महालेखापाल दोन पुस्तकं तयार करतात. ‘वित्त लेखे’ प्रत्यक्ष जमाखर्च सांगतात. ‘विनियोजन लेखे’ मंजुरी किती होती आणि खर्च किती झाला, याचा मेळ सांगतात. ‘कॅग’चे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढं येतात, लोकलेखा समिती ते तपासते. हे सारं छापलं जातं, कुणालाही वाचता येतं. आपल्या आमदाराला ‘आमच्यासाठी काय केलं’ असं मोघम विचारण्यापेक्षा, ‘४२०२ खाली आपल्या जिल्ह्याला किती मंजूर झाले आणि किती उचलले’ असं विचारलं, तर त्याला फाईल मागवावीच लागते!

गावपातळीवर तर याहून सोपी वाट आहे. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत दरवर्षी ‘जमाबंदी’ होते. आपल्याकडं या शब्दाचा अर्थ शेतसाऱ्याशी जोडलेला. तिकडं पंचायतीच्या वर्षभराच्या जमाखर्चाची, कामांची लोकांसमोर तपासणी असा अर्थ आहे. महाराष्ट्रात ग्रामसभा आहेच. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं कोट किराणा गावात जनसुनावणी घेतली, तेव्हा पंचायतीच्या कामांचे कागद गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचले गेले आणि कागदावरचं काम आणि गावातलं काम यातला फरक सर्वांना दिसला. त्या चळवळीतूनच पुढं २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. त्याचं कलम ४ सांगतं, की प्रत्येक कार्यालयानं आपली तरतूद, नियोजित खर्च आणि वाटलेल्या रकमा कुणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायच्या. कर्नाटकानं तर २००० सालीच आपला स्वतःचा माहिती हक्काचा कायदा केला होता.

तेव्हा या वर्षी एकच करून पाहा. आपल्या गावातलं एकच काम निवडा. शाळेची खोली, दवाखान्याची भिंत, पाण्याची टाकी, काहीही! ते कुठल्या लेखाशीर्षाखाली मंजूर झालं, किती रकमेला, किती पैसे दिले, कुणाला दिले, एवढे चार प्रश्न लिहून काढा आणि कार्यालयात द्या. उत्तर आलं, की तो कागद घेऊन त्या खोलीपाशी, त्या भिंतीपाशी, त्या टाकीपाशी जाऊन उभे राहा. कागदावरचा आकडा आणि डोळ्यांसमोरची वीट यांचा मेळ बसतो का, हे पाहायला कुठलाही डिप्लोमा लागत नाही. मेळ बसला, तर काम करणाऱ्याला शाबासकी द्या. आणि नाही बसला, तर गप्प बसू नका!