गरज आणि मागणी

अर्थशास्त्राच्या परिभाषेत गरज आणि मागणी हे समानार्थी शब्द नव्हेत. गरजेच्या पाठीशी क्रयशक्ती असेल तरच बाजार तिला मागणी मानतो. निर्धनाची गरज त्याच्या हिशेबात उमटतच नाही. कंडोमसारख्या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा भेद लक्षावधी माणसांच्या जिवावर बेतला आहे.

१९९९ साली, एड्सने थैमान घातले असताना, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला पुरवल्या गेलेल्या कंडोमांचे प्रमाण दर प्रौढ पुरुषामागे वर्षाला अवघे ४.६ होते. रबराचा दुष्काळ नव्हता, उत्पादनाचे तंत्रही गूढ नव्हते. पण गरजवंत कंगाल होते आणि पुरवठा बव्हंशी दात्या राष्ट्रांच्या मर्जीवर होता. ही मर्जी कशी चालते? २००३ च्या अमेरिकी कायद्याने एड्स-प्रतिबंधाच्या निधीचा एक तृतीयांश भाग विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या प्रचारासाठी राखून ठेवला; ती सक्ती २००८ पर्यंत टिकली. जानेवारी २०२५ मध्ये तर त्याच देशाने आपली परदेशी मदत एका आदेशासरशी गोठवली. ज्या जगात २०२४ साली सुमारे १३ लक्ष माणसांना एच.आय.व्ही.ची नव्याने लागण झाली, त्या जगाचे आरोग्य असे दानधर्मावर सोपवलेले आहे.

कंडोम सुलभ झाल्यास अनाचार माजेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला थायलंडने कृतीने उत्तर दिले. १९८९ साली रात्चबुरी प्रांतात सुरू झालेली आणि १९९१ पासून देशभर नेलेली योजना साधी होती : कंडोम सरकारने मोफत द्यायचे आणि त्यांच्या वापराची जबाबदारी कुंटणखान्याच्या मालकावर टाकायची. एकट्या स्त्रीला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्याची पाळी येऊ द्यायची नाही. वेश्याव्यवसायातील कंडोमचा वापर १४ टक्क्यांवरून चारपाच वर्षांत नव्वदीच्या पुढे गेला. देशातील नव्या लागणी १९९१ मधील सुमारे १ लक्ष ४३ हजारांवरून २००३ मध्ये सुमारे १९ हजारांवर आल्या. उपदेशाने जे साधले नसते, ते सार्वजनिक पुरवठ्याने आणि सत्तासंबंध बदलल्याने साधले.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ आणला आणि पंधरा पैशांत तीन या दराने तो चहा-साबणाच्या दुकानांपर्यंत पोचवला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित जोडप्यांपैकी ९.५ टक्केच कंडोम वापरतात. स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुषांच्या नसबंदीचे फक्त ०.३ टक्के आहे. म्हणजे येथे केवळ पैशाची उणीव नाही. नकार देण्याची सत्ता पुरुषाच्या हाती आणि सुरीखाली जाण्याचे कर्तव्य स्त्रीच्या वाट्याला, अशी ही विभागणी आहे.

म्हणून हा प्रश्न कुजबुजीचा नव्हे, राजकारणाचा आहे. नळाच्या पाण्याप्रमाणे कंडोमचा अखंड, मोफत पुरवठा हे शासनाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील साठा किती आणि तो कितीदा संपतो, हे कार्यकर्त्यांनी जाहीरपणे विचारावे. त्याचबरोबर आपल्या शिबिरांतून पुरुषांच्या जबाबदारीविषयी निःसंकोच बोलावे. निर्धनाच्या गरजेला हक्काचे रूप देणे हेच तर समाजवादाचे काम होय.